पहिला ऑगर घेताना

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन किंवा ऑन्टॅरिओत राहणाऱ्या मराठी घरांत बर्फावरच्या मासेमारीची हौस बहुधा शेजाऱ्यामुळे शिरते. जानेवारीतल्या एखाद्या रविवारी तो गोठलेल्या तळ्यावर घेऊन जातो, मुलं भोकाभोवती तासभर हलत नाहीत, चार-सहा पर्च घरी येतात, रवा लावून तळले जातात आणि पुढच्या शनिवारी सगळं कुटुंब सामानाच्या दुकानात उभं असतं. गळ, दोरी, बसायचं स्टूल यांवर कुणी फारसं अडत नाही. गाडी अडते ती ऑगरपाशी.

ऑगर म्हणजे बर्फाला भोक पाडायचं मोठं गिरमिट. तळाशी दोन पाती, त्यांच्यावर बर्फाचा भुगा वर आणणारी मळसूत्री पट्टी आणि ते सगळं फिरवायला माणसाचा हात, ड्रिल, बॅटरीवरची मोटर किंवा पेट्रोलचं इंजिन. साध्या हाताच्या ऑगरला साठ-सत्तर अमेरिकी डॉलर पडतात, मोठ्या बॅटरीच्या ऑगरला सहाशे-सातशे. दुकानातला माणूस मोटरीबद्दल भरभरून बोलतो. मी नवख्या मंडळींना मोटरीचा विचार सगळ्यात शेवटी करायला सांगते. आधी तुम्ही जाणार त्या तळ्यावरचा बर्फ किती जाड असतो ते बघा, मग मासा कुठला ते ठरवा, मग सामान कसं वाहून नेणार ते, आणि त्यानंतर पाती. इतकं ठरलं की मोटर जवळजवळ आपोआप ठरते, आणि ती बहुतेक वेळा दुकानात दाखवलेल्या मोटरीपेक्षा लहान निघते.

त्याहीआधी एक गोष्ट. पहिल्या एक-दोन खेपांना ऑगर विकत घेऊच नका. टोरॉन्टोच्या उत्तरेला, गाडीने तासाभरावर असलेल्या लेक सिमकोवर बर्फावरच्या खोपी भाड्याने मिळतात. खोपवाला तुम्हाला स्नोमोबाइलच्या मागच्या गाडीतून तिथवर नेतो. खोपीत शेगडी असते, भोकं पाडलेली असतात, आमिष मिळतं. मिनेसोटात मिल लॅक्स आणि लेक ऑफ द वूड्स या तळ्यांवरचे रिसॉर्टही अशी सोय करतात. उणे पंधरा अंशांत चार तास बसणं घरच्यांना झेपतं का, मुलं रमतात का, हे त्या दिवसात कळतं. खोपवाल्याचा ऑगर कसा चालतो तेही जवळून बघायला मिळतं, आणि विचारलं तर बहुतेक जण एखादं भोक तुम्हाला पाडू देतात. दुकानातल्या गालिच्यावर ऑगर हातात धरून जे कळत नाही, ते त्या एका भोकात कळतं.

बर्फ किती, भोक केवढं

मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा नियम पाठ करून ठेवा: नवा, स्वच्छ, निळसर पारदर्शक बर्फ किमान ४ इंच असेल तरच त्यावर पायी जायचं. स्नोमोबाइलला ५ ते ७ इंच लागतो, लहान मोटारीला ९ ते १०. बर्फ पांढरा, दुधाळ असेल तर हे आकडे दुप्पट धरायचे, कारण त्यात हवा आणि गोठलेला हिमचिखल असतो आणि त्याची ताकद निम्मी असते. एकाच तळ्यावर झऱ्यापाशी, ओढ्याच्या मुखाशी, पुलाखाली जाडी बदलते, म्हणून दर १५० फुटांवर पुन्हा तपासायचं. तपासायचं साधन म्हणजे पहार. लांब दांड्याची, छिन्नीसारख्या टोकाची ही पहार चालताना पुढच्या पावलाआधी बर्फावर जोराने आपटायची. एका घावात पाणी दिसलं की आल्या पावली मागे फिरायचं. ऑगर याला पर्याय नाही, कारण ऑगर लावून जाडी मोजेपर्यंत तुम्ही त्या बर्फावर उभे असता.

आणि जाडी पुरेशी असली म्हणजे सगळं मिटलं असंही नाही. २९ डिसेंबर २०२३ रोजी मिनेसोटातल्या अपर रेड लेकवर बर्फाचा प्रचंड तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि शंभरावर लोक त्याच्यावर अडकले. सगळ्यांना सुखरूप आणलं. त्या हिवाळ्यात बर्फच इतका कमी धरला की राज्यातल्या कित्येक स्पर्धा रद्द कराव्या लागल्या. म्हणून ऑगरच्या पैशांतून आधी पहार, बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे, गळ्यात अडकवायचे बर्फात रोवायचे दोन टोचे आणि तरंगणारं जाकीट एवढं काढून ठेवा. उरेल त्यात ऑगर घ्या. हा क्रम उलटा करणारी माणसं दरवर्षी दिसतात, आणि दरवर्षी काळजात धस्स होतं.

आता जाडीचा ऑगरशी संबंध. डिसेंबरात, बर्फ पाच-सहा इंच असताना, सहा इंची हाताचा ऑगर धारदार असेल तर मिनिटाच्या आतबाहेर भोक पडतं. त्यासाठी मोटर लागत नाही. फेब्रुवारीत लेक ऑफ द वूड्सवर अडीच फुटांचा बर्फ असतो. तिथे हाताने तिसरं भोक पाडेपर्यंत घाम फुटतो, आणि थंडीत आलेला घाम नंतर अंगावर गार होतो, हा खरा धोका. म्हणजे यंत्राची गरज दोन गोष्टींनी वाढते: बर्फ फुटापेक्षा जाड असणं आणि एका दिवसात बरीच भोकं पाडावी लागणं. दुसरी गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. बर्फावर जुनीजाणती माणसं एका भोकापाशी दिवसभर बसत नाहीत. मासा दहा मिनिटं फिरकला नाही तर उठून पुढे जातात. पर्चचा थवा हिंडता असतो, त्याच्यामागे हिंडायचं तर दिवसाला पंधरा-वीस भोकं सहज होतात. तुम्ही लहान मुलांना घेऊन तंबूत बसणार असाल तर दोन-तीन भोकं पुष्कळ झाली.

भोकाच्या व्यासाचा हिशेब नीट समजून घ्या, कारण इथेच लोक विनाकारण मोठं घेतात. ऑगर साधारण ६, ८ आणि १० इंचांत येतात, मधले साडेसात-साडेआठही असतात. सहावरून आठवर जाणं म्हणजे दोन इंचांची वाढ वाटते, पण कापायचा बर्फ वाढतो जवळजवळ ७८ टक्के. सहा इंची भोकाचं क्षेत्रफळ २८ चौरस इंच, आठ इंचीचं ५०, दहा इंचीचं ७९. दहा इंची ऑगर सहा इंचीपेक्षा पावणेतीन पट बर्फ उपसतो. तेवढी जास्त बॅटरी, तेवढा जास्त पीळ मनगटावर, आणि जास्त वजन.

मोठं भोक लागतं ते मोठ्या माशासाठी. पर्च, ब्लूगिल, क्रॅपी हे तळहाताएवढे-वीतभर मासे सहा इंचांतून आरामात येतात. वॉलआयला आणि मध्यम पाइकला आठ इंच बरा. लेक ट्राउट आणि मोठ्या नॉर्दर्न पाइकच्या मागे लागलात तरच दहाचा विचार. अडचण माशाच्या जाडीची कमी आणि वळणाची जास्त असते. जड मासा भोकाखाली गोल गोल फिरतो, त्याचं डोकं भोकात वळवून घ्यावं लागतं, आणि बर्फ दोन फूट जाड असला की लांबट माशाला अरुंद नळीत वळवणं कठीण होतं, दोरी कडेला घासून तुटते. माशाचा ठाव घेणारा सोनार वापरणार असाल तर त्याचा पाण्यात सोडायचा सेन्सरही त्याच भोकात सोडावा लागतो, सहा इंचांत तेवढी दाटी होते.

घरात लहान मुलं असतील तर मात्र सहा इंचांकडे झुका. दहा इंची भोकात मुलाचा पाय मांडीपर्यंत जातो. ते भोक रात्री वरवर गोठतं, वर हिम पडतं आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी पाय त्यात जातो. सोडलेल्या भोकावर हिमाचा ढीग करून त्यात फांदी रोवायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

एक सल्ला ठामपणे देते: सिमकोच्या पर्चसाठी किंवा मिनेसोटातल्या जवळपासच्या तळ्यांसाठी सहा इंच, वॉलआयची हौस असेल तर आठ. दहा इंच पहिल्या वर्षी नको.

चालत जाणार की गाडीने

ब्रेनर्डजवळ गल लेकवर दर जानेवारीत मोठी स्पर्धा भरते. तिच्यासाठी स्वयंसेवक आधीच वीस हजारांच्या आसपास भोकं पाडून ठेवतात. त्यांचे ऑगर बघून भारावून जायला होतं. पण ती माणसं गाड्या घेऊन बर्फावर येतात. तुम्ही पार्किंगपासून घसरगाडी ओढत, हिमात पाय रोवत, जाड बूट घालून अर्धा मैल जाणार. तंबू, स्टूल, शेगडी, मुलांचा डबा, थर्मास, आणि परत येताना मुलांपैकी एक त्याच गाडीवर बसलेलं. इथे वजन हा सगळ्यात मोठा निकष.

हाताचा ऑगर दोन-अडीच किलोचा. ड्रिलवर चालणारा ऑगर ड्रिलसकट चार-पाच किलो. मोठ्या बॅटरीचा सात ते अकरा किलो. पेट्रोलचा अकरा ते पंधरा. हे आकडे दुकानात फारसे वाटत नाहीत. घोटाभर हिमात वाऱ्याच्या तोंडाला चालताना प्रत्येक किलो जाणवतो.

म्हणून पायी जाणाऱ्या नवख्याला माझी पहिली पसंती ड्रिलवरच्या ऑगरला आहे. यात पाती आणि मळसूत्र असलेला हलका ऑगर वेगळा मिळतो, दीडशे-दोनशे डॉलरांत, आणि तो घरातल्या बॅटरीच्या ड्रिलला चकमध्ये बसवायचा. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक घरांच्या गॅरेजात असं ड्रिल असतंच. मात्र कुठलंही चालत नाही. पडदे टांगायला घेतलेलं हलकं बारा व्होल्टचं ड्रिल दुसऱ्या भोकात गरम होऊन बंद पडेल, कदाचित कायमचं. बघायचं ते असं: १८ व्होल्ट, ब्रशलेस मोटर, अर्ध्या इंचाचं चक, बाजूला लावायची वेगळी मूठ, आणि पीळ किमान ७०० इंच-पौंड, म्हणजे सुमारे ८० न्यूटन-मीटर. आठ इंची ऑगर लावायचा तर यापेक्षा जास्तच हवा. बॅटरी ५ अँपिअर-तासांची किंवा मोठी, आणि अशा दोन. चालवताना नेहमी पहिल्या, सावकाश गिअरवर. दुसऱ्या गिअरवर वेग येतो पण पीळ जातो आणि मोटर तापते.

ड्रिलच्या ऑगरचा एक धोका कुणी आपणहून सांगत नाही. पातं बर्फात अडकलं की ऑगर थांबतो आणि ड्रिल तुमच्या हातात फिरतं. शक्तिमान ड्रिल असेल तर मनगट मुरगळण्याएवढा तो झटका असतो. असं बहुधा अगदी शेवटी होतं, तळाचा बर्फ फुटून पातं पाण्यात जाताना. म्हणून बाजूची मूठ लावल्याशिवाय ऑगर चालवायचा नाही, दोन्ही हात, कोपरं अंगाजवळ, आणि ट्रिगर कधी लॉक करायचा नाही. दुसरा धोका, चक सैल होऊन ऑगर भोकातून तळ्याच्या तळाशी जाणं. त्यासाठी दांड्यावर बसवायची भोकापेक्षा मोठी चकती मिळते. काही ऑगरांबरोबर ती येते, नसेल तर वीस-तीस डॉलरांत घ्या आणि दर दोन-तीन भोकांनंतर चक हाताने आवळून बघा.

आधी हाताचा ऑगर घेऊन पुढे त्याला ड्रिल लावायचा मार्गही चांगला आहे. कित्येक कंपन्यांच्या हाताच्या ऑगरचा वरचा दांडा काढून तिथे ड्रिलचा जोड बसवता येतो. घेतानाच विचारा की हे मॉडेल ड्रिलवर चालवायला मान्य आहे का, कारण काही पात्यांचा कोन हाताच्या सावकाश फेऱ्यांसाठीच ठेवलेला असतो आणि ड्रिलवर ती बर्फाला एकदम चावा घेतात. ज्यांना खर्च बेताने करायचा आहे त्यांनी हाच रस्ता धरावा. पहिलं वर्ष हाताने, आणि हौस टिकली तर दुसऱ्या वर्षी जोड आणि ड्रिल.

स्वतंत्र मोटरीचा, चाळीस व्होल्टच्या आसपासच्या बॅटरीवरचा ऑगर हा आज सगळ्यात जास्त मिरवला जाणारा प्रकार. आयन, स्ट्राइकमास्टर, एस्किमो अशा नावांचे मिळतात. दोन्ही हातांनी धरायच्या रुंद मुठी असल्यामुळे झटका सहज पेलतो, आवाज बेताचा, धूर नाही, आणि उलट फिरवायची सोय असते. भोक फुटल्यावर उलट फिरवलं की भोकातला बर्फाचा लगदा खाली ढकलला जातो, झाऱ्याने उपसायचं काम कमी होतं. घरात दोघं-तिघं मासे धरणारे असतील, बर्फ दीड-दोन फुटांचा असेल, स्नोमोबाइल किंवा गाडीने जायची सोय असेल, तर हा जरूर घ्या, आठ इंची. कंपनी एका चार्जमध्ये इतके इंच बर्फ कापेल असा आकडा देते. तुमचा हिशेब तुम्ही मांडा: १८ इंच बर्फ, २० भोकं, म्हणजे ३६० इंच. कंपनीचा आकडा याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर निश्चिंत राहा, कारण तो आकडा ताज्या पात्यांवर आणि गरम बॅटरीवर मोजलेला असतो, आणि तळ्यावर दोन्ही नसतात.

पेट्रोलच्या ऑगरवर जास्त शब्द खर्च करत नाही. उत्तरेकडच्या दूरच्या तळ्यांवर तीन-चार दिवस मुक्काम, वीज नाही, तीन फूट बर्फ, दहा इंची भोकं, अशा ठिकाणी तो अजून कामाचा आहे. नवख्याला तो वजनाने, धुराने आणि देखभालीने नकोसा होतो. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये तेल नेमक्या प्रमाणात मिसळावं लागतं. प्रोपेनवर चालणारे स्वच्छ असतात, पण कडाक्याच्या थंडीत लहान सिलिंडरचा दाब उतरतो. दोन्हींच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तंबूत किंवा खोपीत हे इंजिन एक मिनिटसुद्धा चालवायचं नाही. कुणी जुना पेट्रोलचा ऑगर पन्नास डॉलरांत देऊ करेल. घ्यायचाच असेल तर इंजिन थंड असताना तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. टाकीत वर्षानुवर्षं राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा कार्ब्युरेटरमध्ये बसतो आणि मग दुरुस्ती ऑगरपेक्षा महाग पडते.

पाती

आता ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे ते पातं. पाती बोथट असतील तर सातशे डॉलरांचा ऑगर बर्फावर नुसता गरगरत राहतो, आणि पाती ताजी असतील तर साधा हाताचा ऑगर स्वतःच्या वजनाने खाली उतरतो.

पाती दोन प्रकारची. एक सरळ धारेची, बर्फ तासणारी. गोळेवाल्याच्या रंध्यात जशी बर्फाची लादी किसली जाते, तसं हे काम. नव्या, अखंड बर्फात ही पाती सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात कमी पीळ मागणारी, म्हणून हाताच्या आणि ड्रिलच्या ऑगरना हीच असतात. दुसरी दातेरी किंवा बोथट-जाड धारेची, बर्फ फोडत जाणारी. ही जरा सावकाश आणि खडखडाट करत चालतात, पण वाळूचा कण, घाणेरडा बर्फ, जुनं गोठलेलं भोक यांना भीत नाहीत. इंजिनाच्या आणि काही मोठ्या बॅटरीच्या ऑगरना ती मिळतात. भाड्याच्या किंवा कायमच्या खोपीत तीच भोकं पुन्हा पुन्हा उघडायची असतील तर ही घ्या. दर वेळी नवी जागा शोधणाऱ्याला तासणारी.

तासणारी पाती जुन्या, अर्धवट गोठलेल्या भोकावर लावू नका. कडेचा एक ओठ पात्याला लागतो, दुसरीकडे पोकळी असते, ऑगर उसळतो, पात्याची धार मोडते. जुनं भोक पहारीने फोडा, नाहीतर हातभर सरकून नवं पाडा.

धार गेली हे ओळखायचं कसं? भोकातून वर येणाऱ्या बर्फाकडे बघा. धारदार पातं पापुद्रे आणि चुरगळलेल्या पट्ट्या वर आणतं, ते बोटांत धरता येतात. बोथट पातं पिठूळ भुगा आणतं, आणि तुम्हाला नकळत ऑगरवर भार द्यावासा वाटू लागतो. तो भार द्यावासा वाटला की समजावं, पाती बदलायची वेळ आली. घरी कानशीने किंवा दगडावर धार लावायला जाऊ नका. पात्याचा कोन एखाद्या अंशाने जरी हलला तरी ऑगर कापायचं सोडून देतो. नवा जोड तीस-चाळीस डॉलरांत मिळतो, बदलायला षट्कोनी चावी आणि दहा मिनिटं लागतात. म्हणून ऑगर घ्यायच्या आधीच विचारा: या मॉडेलची पाती सुटी मिळतात का, कुठल्या दुकानात, आणि आत्ता शिल्लक आहेत का? एका कंपनीची पाती दुसऱ्या कंपनीच्या ऑगरला बसत नाहीत, एकाच कंपनीच्या सहा इंचीची आठ इंचीला बसत नाहीत. पाती मिळत नसलेला स्वस्त ऑगर दोन हिवाळ्यांनंतर भंगारात जातो.

पात्यांचा शत्रू बर्फ नसतो, वाळू असते. पार्किंगमध्ये मीठ-वाळू टाकलेली असते, तिथे ऑगर टेकवून उभा केला की एका क्षणात धार गेली. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात भोक पाडताना ऑगर तळाच्या गाळात घुसला तरी तेच. पात्यांचं प्लास्टिकचं झाकण गाडीतून उतरवल्यापासून भोकाच्या जागेपर्यंत काढायचं नाही. ते झाकण बोटांसाठीही आहे. ही पाती किती धारदार असतात याचा अंदाज हातमोजा फाटल्यावर येतो.

कडक थंडीत आणखी एक अडचण हमखास येते. पहिलं भोक झकास पडतं, पाच मिनिटांनी दुसऱ्या जागी ऑगर लावावा तर तो नुसता घसरतो. पाती बिघडलेली नसतात. पहिल्या भोकातलं पाणी पात्याच्या धारेवर पातळ काचेसारखं गोठलेलं असतं. लोक अशा वेळी ऑगर बर्फावर किंवा बुटावर आपटतात आणि धार घालवून बसतात. त्याऐवजी ऑगरचं टोक पहिल्या भोकातल्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा. तळ्याचं पाणी उणे वीसच्या हवेपेक्षा पुष्कळ ऊबदार असतं, धारेवरचा थर सुटतो. आणि पुढच्या वेळी भोक झाल्याबरोबर ऑगर वर काढून, माणसांपासून दूर धरून, दोन-तीन फेऱ्या हवेत फिरवा म्हणजे पाणी झटकलं जाईल.

भोक पाडताना

आधी बुटाने हिम बाजूला सारून उघडा बर्फ दिसू द्या. मफलर, ओढणी, टोपीची लोंबती नाडी, मुलांच्या हातमोज्यांची दोरी, सगळं आत खोचा. पाय खांद्याएवढे फाकवून उभे राहा, ऑगर ओळंब्यात धरा आणि सुरुवात सावकाश करा, पाती जागा धरेपर्यंत. मग पूर्ण वेग. दाबू नका. मध्ये एकदा ऑगर फिरता ठेवूनच थोडा वर घ्या म्हणजे साठलेला भुगा बाहेर पडेल. तळ जवळ आला की आवाज बदलतो, खर्जात जातो, आणि वर येणारा भुगा ओला होतो. इथे मुठी घट्ट धरायच्या. पातं पाण्यात गेलं की ऑगर एकदम हलका होतो आणि पाणी उसळून वर येतं. फिरता ऑगर एकदा सरळ वर खेचून लगदा बाहेर काढा, थांबवा, पूर्ण थांबल्यावरच झाकण लावा. उरलेला लगदा जाळीच्या झाऱ्याने उपसायचा. पातळ बुटांनी त्या पाण्यात उभं राहू नका, आणि मुलांना दोन हात लांब ठेवा.

बॅटरी ही थंडीत सांभाळायची वस्तू आहे. ड्रिलच्या बॅटऱ्या जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा, भोक पाडताना लावा, झालं की परत खिशात. थंड बॅटरी कमी काम देते, पण ऊब मिळाली की पुन्हा सावरते. गोठलेली बॅटरी चार्ज करणं मात्र तिला कायमचं मारतं. शून्याखाली चार्ज केल्यास लिथियमचा धातू आतल्या पत्र्यावर जमतो आणि तो परत विरघळत नाही. घरी आणल्यावर दोन-तीन तास खोलीत राहू द्या, मग चार्जर लावा. गारठलेल्या गॅरेजात चार्जर बसवू नका.

दुकानात जायच्या आधी परवान्याचंही बघून घ्या. मिनेसोटात १६ वर्षं पूर्ण झालेल्यांना आणि ऑन्टॅरिओत १८ ते ६४ वयातल्यांना मासेमारीचा परवाना लागतो. कुठला मासा कधी धरायचा आणि किती, हे तळ्यागणिक बदलतं. मिनेसोटात बर्फावर एका माणसाला दोन गळ टाकता येतात, उन्हाळ्यात एकच. विस्कॉन्सिनमध्ये भोकाचा व्यास १२ इंचांपर्यंतच ठेवायचा असतो. नियमांची पुस्तिका दरवर्षी नवी निघते, ती वाचूनच निघा.

खरेदीची वेळ मार्चचा शेवट. हिवाळा संपताना दुकानं जागा रिकामी करतात आणि त्याच ऑगरच्या किमती उतरतात. शिवाय एक-दोन खेपा भाड्याच्या खोपीत काढून तोवर तुम्हाला आपल्याला काय हवं ते कळलेलं असतं. बर्फ गेल्यावर ऑगर पुसून, पाती सोडवून, कोरडी करून, तेलाचा हात फिरवून घरातल्या कोरड्या जागी ठेवा. बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न ठेवता अर्धी भरून, घरात. ऑक्टोबरात पाती बाहेर काढून धारेवर गंज आहे का ते उजेडात बघा, असेल तर तेव्हाच नवा जोड मागवा. डिसेंबरात पहिला बर्फ धरला की त्या मापाची पाती दुकानांतून सगळ्यात आधी संपतात.